पार्वतीबाईंचे बावीस वर्षांचे कुंकू

पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ पेशवे पडले. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई त्या दिवशी मराठ्यांच्या त्याच छावणीत होत्या. तिथून त्या जिवंत निघाल्या, पुण्याला पोहोचल्या आणि १७८३ साली मरण येईपर्यंत सौभाग्यवती म्हणूनच राहिल्या. कपाळाचे कुंकू त्यांनी पुसले नाही, केशवपन करून घेतले नाही, आपला पती गेला हे मान्य केले नाही.

पानिपतावर मराठीत एवढे लिहिले गेले आहे, की रणांगणाचा नकाशा आणि भाऊंच्या चुका शाळकरी मुलालाही सांगता येतात. पार्वतीबाईंची पुढची बावीस वर्षे मात्र एखाद्या ओळीत उरकली जातात आणि त्या ओळीत बहुधा ‘बिचारी’ हा शब्द असतो. मला तो शब्द पटत नाही. त्यांनी नेमके काय केले, कशाच्या आधारावर केले आणि भोवतालच्या माणसांनी ते कसे सांभाळले, हे नीट समजून घ्यावे म्हणून हा लेख.

भाऊंची तीस वर्षे

सदाशिवराव हे चिमाजीअप्पांचे चिरंजीव, थोरल्या बाजीरावांचे पुतणे. जन्म ऑगस्ट १७३०चा. जन्मानंतर महिनाभरातच आई रखमाबाई गेल्या. वडिलांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून वसई घेतली आणि १७४०च्या डिसेंबरात तेही गेले. सावत्र आई अन्नपूर्णाबाई चिमाजीअप्पांबरोबर सती गेल्या. दहा वर्षांचे हे पोर आजी राधाबाईंच्या पदराखाली वाढले. कारभाराचे धडे त्याला रामचंद्रबाबा सुखठणकरांकडून मिळाले.

भाऊ म्हटले की पानिपतच आठवते, पण पानिपताच्या आधीची त्यांची चौदा-पंधरा वर्षे कर्नाटकातल्या मोहिमांत आणि पुण्याच्या दफ्तरात गेली. १७५०च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कारभार त्यांच्या हाती सोपवला. ते हिशेबाला काटेकोर होते. सरदारांकडून येणे-देणे चोख मागत. साहजिकच त्यांना मान देणारे जितके होते, तितकेच त्यांच्यावर मनातून रुष्ट असलेलेही होते. फेब्रुवारी १७६०मध्ये उदगीरला त्यांनी निजामाला नमवले. त्या तहात सुमारे साठ लाखांचा मुलूख आणि दौलताबादसारखा किल्ला मराठ्यांकडे आला. इब्राहिमखान गारद्याच्या तोफा भाऊंच्या बाजूने गाजल्या त्या याच मोहिमेत. उत्तरेत निघायचे ठरले तेव्हा भाऊंचे वय तीसही पुरे नव्हते आणि एवढी कर्तबगारी त्यांच्या पाठीशी होती. एका पराभवावरून त्यांचे सारे आयुष्य मोजणे अन्यायाचे आहे.

पेणच्या कोल्हटकरांची लेक

भाऊंच्या पहिल्या पत्नी उमाबाई १७५०मध्ये वारल्या. त्यांची मुले लहानपणीच गेली होती. त्यानंतर पेणच्या कोल्हटकर घराण्यातल्या पार्वतीबाई पेशव्यांच्या घरात सून म्हणून आल्या. संसार साधारण दहा वर्षांचा. मूलबाळ झाले नाही. त्यातला किती काळ दोघे एका ठिकाणी होते, हे मोहिमांच्या तारखा पाहिल्या की सहज कळते. पावसाळ्यात फौजा परतत, दसऱ्याला पुन्हा निघत.

या दहा वर्षांतला एक प्रसंग पुढे फार महत्त्वाचा ठरला. १७५९च्या ऑक्टोबरात पुण्यात भाऊंवर मारेकरी घालण्यात आला. कट मुजफ्फरखान गारद्याचा. भाऊ वाचले, पण पाठीवर कट्यारीची जखम झाली आणि तिचा वण राहिला.

बायका छावणीत का होत्या

जानेवारी १७६०मध्ये अहमदशहा अब्दालीविरुद्ध लढताना दत्ताजी शिंदे बुराडी घाटावर मारले गेले. मार्चमध्ये परतूरहून, म्हणजे तेव्हाच्या पटदुराहून, भाऊंची फौज उत्तरेकडे निघाली. बरोबर नानासाहेबांचा थोरला मुलगा विश्वासराव होता, सरदारांचे कुटुंबकबिले होते आणि हजारो यात्रेकरू होते. फौजेच्या आश्रयाने मथुरा, कुरुक्षेत्र घडेल, अशी त्यांची आशा. एरवी सामान्य माणसाला एवढा लांबचा, धोक्याचा प्रवास कधी करता आला असता? नाना फडणीस तेव्हा अठरा वर्षांचे होते. त्यांची आई आणि पत्नीही बरोबर होती.

भरतपूरच्या सूरजमल जाटाने जड सामान आणि बायकामाणसे मागे सुरक्षित जागी ठेवा, असे सुचवल्याचे सांगतात. तसे झाले नाही. ऑगस्टच्या आरंभी दिल्ली हाती आली, ऑक्टोबरात कुंजपुरा पडले आणि तेवढ्यात अहमदशहा अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली. मराठ्यांची दक्षिणेची वाट तुटली. नोव्हेंबर ते जानेवारी, अडीच महिने, लाखभर तोंडे पानिपतच्या खंदकाआड कोंडली गेली. आधी रसद आटली, मग जनावरे मरू लागली, मग माणसांची उपासमार सुरू झाली.

७ डिसेंबरच्या चकमकीत बळवंतराव मेहेंदळे पडले. भाऊंचा उजवा हात गेला. बळवंतरावांच्या पत्नी तिथेच, छावणीत, सती गेल्या. मागे राहिला त्यांचा कोवळ्या वयाचा मुलगा. पुण्यात पुस्तके घ्यायला आपण ज्या अप्पा बळवंत चौकात जातो, तो चौक याच मुलाच्या नावाचा. तो वाचला आणि पुढे पेशवाईत मोठा झाला. पार्वतीबाईंनी ही चिता पाहिली असावी. 

तो दिवस

१४ जानेवारीला सकाळी मराठे बाहेर पडले. दुपारपर्यंत इब्राहिमखानाच्या तोफांनी आणि भाऊंच्या हुजुरातीने अफगाणांची फळी मागे रेटली होती. दुपारनंतर विश्वासरावांना गोळी लागली. भाऊंनी हत्तीवरून उतरून घोडा घेतला आणि ते गर्दीत घुसले. रिकामी अंबारी पाहून सैन्याने धीर सोडला, हे आपण ऐकत आलो आहोत. लढाईविषयी इथे याहून जास्त लिहीत नाही. पार्वतीबाईंच्या बाजूने पाहता महत्त्वाचे एवढेच, की घोड्यावर बसलेले भाऊ त्यानंतर त्यांच्या माणसांपैकी कोणाला नीट दिसले नाहीत. नाना फडणिसांनी आपल्या आत्मचरित्रात त्या दिवसाची हकीकत लिहून ठेवली आहे. ते बराच वेळ भाऊंच्या जवळपास होते, तरी भाऊंच्या मृत्यूचे साक्षीदार म्हणून तेही उभे राहू शकले नाहीत.

तीन खुणा

मग भाऊ गेले, हे कोणी सांगितले? सर्वांत तपशीलवार हकीकत काशीराज पंडिताची. हा दक्षिणी ब्राह्मण अयोध्येच्या शुजाउद्दौल्याच्या पदरी होता. शुजा अब्दालीच्या बाजूने लढला, त्यामुळे काशीराज लढाईनंतर विजयी छावणीत मोकळेपणी वावरू शकला. जवळजवळ वीस वर्षांनी त्याने फारसीत सारे लिहून काढले.

त्याच्या सांगण्याप्रमाणे विश्वासरावांचा देह अब्दालीच्या तळावर आणला गेला तेव्हा अफगाण सैनिकांनी तो पेंढा भरून काबूलला न्यायची मागणी केली. शुजाने मध्ये पडून तो सोडवला. मग भाऊंचा शोध सुरू झाला. प्रेतांच्या राशीखाली एक देह मिळाला. त्याला शीर नव्हते. भाऊंना ओळखणाऱ्यांना बोलावून खुणा पाहण्यात आल्या. मांडीवर रुपयाएवढा काळा डाग, पाठीवर मुजफ्फरखानाच्या कट्यारीचा वण, आणि तळपायावर पद्म-मत्स्याच्या शुभ रेषा. दुसऱ्या दिवशी एका दुराण्याने लपवून ठेवलेले शीरही मिळाले आणि अग्निसंस्कार झाले.

शत्रूच्या तळावरच्या मराठी-हिंदुस्थानी माणसांनी मृतांची जी काळजी घेतली, ती वाचताना मन भरून येते. पुरावाही चांगला आहे. बहुतेक इतिहासकारांनी तो ग्राह्य धरला आहे आणि भाऊ त्या दिवशी पडले यात मलाही शंका वाटत नाही.

पण ही हकीकत पार्वतीबाईंच्या जागेवरून पाहायला हवी. हा सविस्तर मजकूर त्यांना तेव्हा मिळालेला नव्हता. मिळाल्या त्या बातम्या, त्याही तुकड्यातुकड्यांनी, पळून आलेल्या माणसांच्या तोंडून. कोणी म्हणे भाऊ पडले, कोणी म्हणे जखमी होऊन निसटले, कोणी म्हणे गोसाव्याच्या वेषात दिसले. माळव्यात नानासाहेबांच्या हाती जे सावकारी पत्र लागले, त्यातही माणसांची नावे नव्हती. मोती, मोहरा आणि खुर्दा अशा खुणेच्या भाषेत नुकसान सांगितलेले होते. मांडीवरचा डाग, पाठीचा वण आणि तळपायाच्या रेषा या तिन्ही खुणा ज्यांनी जवळून पाहिल्या होत्या, अशा जिवंत माणसांत पार्वतीबाई पहिल्या. आणि ओळख पटवायला त्यांना कोणी बोलावले नव्हते. तसे बोलावणे शक्यही नव्हते. त्या वेळी त्या जिवाच्या आकांताने दक्षिणेकडे निघाल्या होत्या.

पानिपत ते पुणे

लढाई फिरली तेव्हा बायकांना बाहेर काढायचे काम ज्यांच्यावर होते, त्यांना एक भयंकर आज्ञा होती असे बखरीत येते. वेळ आली तर बाईसाहेबांना शत्रूच्या हाती पडू देऊ नये, त्याआधी त्यांना संपवावे. ती वेळ आली नाही. विसाजी कृष्ण जोगदंड आणि जानू भिंताडा यांची नावे या सुटकेशी जोडली जातात. जानू भिंताडा हा साधा खिजमतगार. कडाक्याच्या थंडीत, उपाशी, लुटारूंनी भरलेल्या मुलखातून त्याने धनिणीला पुढे नेले. इतिहासात त्याला दीड ओळ मिळाली आहे. त्याचे नाव मी मुद्दाम लिहितो आहे.

सूरजमलचा सल्ला मानला गेला नव्हता, तरी त्याने दार बंद केले नाही. पानिपताहून जीव वाचवून आलेल्या हजारो मराठ्यांना त्याच्या मुलखात अन्न, वस्त्र आणि निवारा मिळाला. राणी किशोरीने स्वतः यात लक्ष घातले, अशी आठवण जाट मुलखात आजही सांगतात. बाजीराव-मस्तानीचा मुलगा समशेरबहाद्दर जखमी अवस्थेत तिथे पोहोचला आणि तिथेच वारला. पार्वतीबाई तिथून सोबतीने ग्वाल्हेरकडे निघाल्या आणि पुढे माळव्यात नानासाहेबांच्या तळावर आल्या. त्या भेटीत काय बोलणे झाले असेल, त्याची कल्पना करायला मला धीर होत नाही. एकाचा मुलगा आणि भाऊ गेला होता, दुसरीचा नवरा. नानासाहेब खचले ते उठलेच नाहीत. २३ जून १७६१ रोजी पुण्यात पर्वतीवर त्यांनी देह ठेवला.

सती, केशवपन आणि तिसरी वाट

पेशव्यांच्या घरातल्या बाईपुढे नवरा गेल्यावर दोन वाटा होत्या. सती जायचे, किंवा केशवपन करून, लाल आलवण नेसून, एका कोपऱ्यात उरलेले दिवस काढायचे. पहिली वाट पार्वतीबाईंच्या सावत्र सासूने घेतली होती. छावणीत मेहेंदळ्यांच्या घरात ती घेतली गेलेली होती. पुढे नोव्हेंबर १७७२मध्ये थेऊरला थोरले माधवराव वारले तेव्हा त्यांच्या पत्नी रमाबाईही सती गेल्या, आणि पार्वतीबाई तेव्हा याच घरात होत्या. दुसरी वाट नानासाहेबांच्या पत्नी गोपिकाबाईंची. विश्वासरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई तर विशीही न ओलांडता विधवा झाल्या.

पार्वतीबाईंनी या दोन्ही वाटा नाकारल्या. वैधव्याचे विधी झाले नाहीत. मंगळसूत्र गळ्यात, कुंकू कपाळावर, आणि घरात मान सौभाग्यवतीचा.

आता हे एकट्या पार्वतीबाईंच्या हट्टाने झाले असते का? माझ्या मते नाही. धर्माधिकारी होते, नातलग होते, तोंडाला कुलूप नसलेले शहर होते. नानासाहेबांचे चिरंजीव माधवराव पेशवे झाले तेव्हा सोळा वर्षांचे. कडक शिस्तीचा माणूस, स्वतःच्या मामाला दंड करायला न कचरलेला. पण काकूंच्या कुंकवाला त्यांनी हात लावू दिला नाही. पुढे पेशवेपदी नारायणराव आले, मग बारभाई कारभाऱ्यांचे मंडळ आले. राज्य कोणाचेही असो, ही गोष्ट कोणी मोडली नाही. माधवरावांच्याच काळात पुण्यात भाऊंच्या नावाने सदाशिव पेठ वसली. एकीकडे शहरात भाऊंचे स्मारक उभे राहिले, दुसरीकडे वाड्यात त्यांच्या पत्नीचे सौभाग्य जपले गेले. दोन्ही एकाच वेळी चालले आणि त्यात कोणाला विसंगती वाटल्याचे दिसत नाही. घरातल्या एका माणसाच्या दुःखाला सगळ्यांनी मिळून जागा करून द्यावी, याचे इतके टिकाऊ उदाहरण पेशवाईत मला दुसरे माहीत नाही.

तोतया

थांबण्याची किंमतही मोठी होती. भाऊ जिवंत असू शकतात, असे खुद्द त्यांची पत्नी मानते, हे सगळ्या मुलखाला ठाऊक होते. कोणीतरी याचा फायदा घेणार, हे उघड होते.

बुंदेलखंडाकडचा सुखनिधान नावाचा एक कनोजा ब्राह्मण ‘मीच भाऊ’ म्हणून प्रकटला. चेहरामोहरा मिळताजुळता. माणसे जमू लागली. १७६५च्या सुमारास त्याला पकडून पुण्याला आणले. चौकशीत सोंग उघडे पडले. माधवरावांनी त्याला ठार मारले नाही, किल्ल्याकिल्ल्यांवर कैदेत ठेवले. शेवटी तो रत्नागिरीच्या किल्ल्यात होता.

१७७६ साली पुण्यात कारभार बारभाईंचा, पेशवा दोन वर्षांचा, इंग्रजांशी बोलणी चाललेली. नेमक्या त्या वेळी रत्नागिरीचा अंमलदार रामचंद्र नाईक परांजपे याने या कैद्याला बाहेर काढले आणि भाऊ म्हणून पुढे केले. बघता बघता कोकणचा मोठा पट्टा, किल्ले आणि आरमार त्याच्या हाती गेले. वीस हजारांपर्यंत माणूस जमला आणि फौज बोरघाट चढून राजमाचीकडे आली. पानिपतानंतर पंधरा वर्षांनी हजारो माणसे ‘भाऊ आले’ या दोन शब्दांवर हत्यार उचलायला तयार होती. भाऊंची लोकांच्या मनातली जागा किती मोठी होती, हे या बंडाइतके दुसऱ्या कशाने सिद्ध होत नाही.

महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांनी बंड मोडले. तोतया गलबतातून पळाला, तो रघूजी आंग्र्यांच्या हाती लागला. पुण्यात पुन्हा चौकशी झाली. भाऊंना ओळखणारे साक्षीला आले, न्यायाधीश रामशास्त्र्यांनी निवाडा दिला आणि १८ डिसेंबर १७७६ रोजी त्याला देहदंड झाला. न. चिं. केळकरांचे ‘तोतयाचे बंड’ हे नाटक याच प्रकरणावर आहे.

या सगळ्यात पार्वतीबाईंची अवस्था काय झाली असेल? एका बाजूला सगळा प्रांत सांगतो आहे, की तुमचा नवरा परत आला. दुसऱ्या बाजूला दरबार सांगतो आहे, की हा लफंगा आहे. त्यांनी या माणसाला पती म्हणून स्वीकारल्याची नोंद मिळत नाही. वेडी आशा बाळगणाऱ्या बाईने पहिल्याच दिवशी त्याला ओवाळले असते. पार्वतीबाईंनी तसे केले नाही, आणि त्याला देहदंड झाल्यावर कुंकूही पुसले नाही. भाऊ पडल्याच्या वार्ता त्यांना पुरेशा वाटल्या नव्हत्या आणि भाऊ म्हणवणारा जिवंत माणूसही पुरेसा वाटला नाही. पती कसा होता हे त्यांना बारकाव्याने आठवत होते. त्या आठवणीशी जे जुळेल तेच त्या मानणार होत्या. ‘बिचारी’ हा शब्द मला पटत नाही तो यासाठी.

पुरंदर आणि लहानगा पेशवा

पार्वतीबाई या काळात नुसत्या वाट पाहत बसल्या नव्हत्या. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. त्यांची पत्नी गंगाबाई गरोदर होती आणि पेशवाईचे सारे भवितव्य तिच्या उदरात होते. जानेवारी १७७४मध्ये नाना फडणीस आणि हरिपंत फडके यांनी तिला पुरंदरावर हलवले तेव्हा बरोबर पार्वतीबाई गेल्या. १८ एप्रिलला गडावर सवाई माधवराव जन्मले.

पानिपताहून जीव घेऊन परतलेली दोन माणसे, पार्वतीबाई आणि नाना, पुरंदरावर पुन्हा एकत्र आली होती. नानांची पत्नी पानिपताहून सुखरूप आली होती, आई आली नव्हती. १७७७मध्ये गंगाबाईही गेली. आईबापाविना राहिलेल्या बालपेशव्यावर मायेचे छत्र धरणाऱ्यांत पार्वतीबाई होत्या. १७८३च्या फेब्रुवारीत पुण्यात त्याचे लग्न थाटात झाले. त्याच वर्षी पार्वतीबाई वारल्या. त्यांच्या मागोमाग भाऊंचे उत्तरकार्यही तेव्हाच केले गेले, असे सांगतात.

किती वर्षे थांबायचे

हरवलेल्या माणसाची किती वर्षे वाट पाहावी, याचे उत्तर धर्मशास्त्राने आणि कायद्याने दोघांनीही दिले आहे. जुन्या रूढीप्रमाणे बारा वर्षे वार्ता नसेल तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देत. आजच्या साक्ष्य कायद्याप्रमाणे सात वर्षे ज्याची खबर त्याच्या जवळच्या माणसांना नाही, तो जिवंत आहे हे सिद्ध करायची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर येते. वारसा, निवृत्तिवेतन, मालमत्ता यांचे निर्णय व्हावे लागतात. त्यासाठी अशी मुदत लागतेच. पण ती मुदत व्यवहाराची असते. बारा वर्षे १७७३मध्ये संपली तेव्हा पार्वतीबाईंनी पुतळा जाळू दिला नाही.

असे थांबणे आपल्या काळातही घडले आहे. पानिपतावरून जाणारा हमरस्ता पुढे अंबाल्याला जातो. १९७१च्या डिसेंबरात अंबाल्याच्या हवाई तळावरचे फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे हे सुखोई-७ विमान घेऊन पाकिस्तानातल्या शोरकोट रोडवर हल्ल्याला गेले आणि परतले नाहीत. पाठोपाठ ढाक्याच्या एका वृत्तपत्रात पकडलेल्या भारतीय वैमानिकांची बातमी आली आणि तिच्यात तांबे यांच्याशी जुळणारे नाव होते. लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती. पत्नी दमयंती तांबे या बॅडमिंटनमधल्या राष्ट्रीय विजेत्या, १९७०च्या अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. दिल्लीत जवाहरलाल नेहरू विद्यापीठात क्रीडा विभागात नोकरी केली आणि मंत्र्यांपासून परराष्ट्र खात्यापर्यंत पाठपुरावा चालू ठेवला. १९७१च्या युद्धातले असे चोपन्न जवान आणि अधिकारी पाकिस्तानच्या तुरुंगांत असावेत, असे भारत सरकारने संसदेत सांगितले आहे. पाकिस्तानने ते मान्य केले नाही. २००७ साली या कुटुंबांच्या प्रतिनिधींना तिथले तुरुंग पाहू दिले गेले, त्यांत दमयंती तांबे होत्या. हाती काही लागले नाही.

दोघी मराठी घरांतल्या सुना, दोघींचे नवरे उत्तरेच्या युद्धात गेले आणि दोघींपुढे खात्रीचा देह आला नाही. पार्वतीबाईंना निदान वाड्यातल्या सगळ्यांनी साथ दिली. दमयंतीबाईंना आपल्या पतीची जागा राखण्यासाठी अर्ज करत राहावे लागले.

पानिपतात गेलात तर

पानिपत दिल्लीहून साधारण नव्वद किलोमीटर. शहरापासून सुमारे आठ किलोमीटरवर काला आंब ही जागा आहे. इथे आंब्याचे एक झाड होते आणि रक्ताने त्याचा रंग काळा पडला, अशी आख्यायिका. झाड केव्हाच गेले. त्याच्या लाकडाचा म्हणून सांगितला जाणारा दरवाजा पानिपतच्या संग्रहालयात पाहायला मिळतो. जागेवर लोखंडी दांडा असलेला विटांचा स्तंभ आहे आणि भोवती बाग. शहरातले देवीचे देऊळही चुकवू नका. लढाईनंतर इथेच राहिलेल्या मराठ्यांशी त्याचा संबंध जोडला जातो.

हरियाणातल्या रोड समाजातले लोक आपण पानिपतावर मागे राहिलेल्या मराठ्यांचे वंशज आहोत, असे सांगतात. १४ जानेवारीला काला आंबवर शौर्यदिन होतो, त्यात त्यांची मोठी गर्दी असते. रोहतकजवळच्या सांघी गावात तर भाऊ तिथे येऊन नाथपंथी साधू झाले, अशी श्रद्धा आहे. पार्वतीबाई पुण्यात जे मनात धरून होत्या, तेच हरियाणातल्या एका गावाने स्वतंत्रपणे धरून ठेवले, हे मला विलक्षण वाटते. पुराव्याच्या कसोटीवर ती कथा टिकत नाही. तरी तिथल्या म्हाताऱ्या माणसांकडून ती ऐकायला वेळ काढावा.

जानेवारी २०२५मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री काला आंबवर आले होते आणि त्यानंतरच्या अर्थसंकल्पात पानिपतला स्मारक उभारण्याची घोषणा झाली. त्या स्मारकात भाऊ, विश्वासराव, जनकोजी शिंदे, इब्राहिमखान गारदी असतील, असायलाच हवेत. माझी मागणी एका दालनाची आहे. त्यात छावणीत सती गेलेल्या मेहेंदळ्यांच्या पत्नी असाव्यात, नाना फडणिसांच्या न परतलेल्या आई असाव्यात, कुरुक्षेत्राच्या ओढीने निघालेल्या आणि नावानिशी कुठेच नोंद नसलेल्या यात्रेकरू बायका असाव्यात, भरतपुरात मराठ्यांना जेवू घालणारी राणी किशोरी असावी, धनिणीला सुखरूप नेणारा जानू भिंताडा असावा. आणि पार्वतीबाईंच्या नावाखाली पानिपतानंतरची त्यांची बावीस वर्षेही लिहिलेली असावीत, पुण्यातली आणि पुरंदरावरची, तारखांसकट.